शुगर निघाली, आता काय करू डॉक्टरताई?

मागच्या महिन्यात याच पानावर मी जाता जाता लिहिलं होतं की पोटुशी बाईची शुगर तपासून घ्या, बस, दोन ओळी. त्यावर एवढी पत्रं अन् मेसेज आले की यावेळी बाकी सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत (गुडघेदुखीवाले काकाजी, माफ करा, तुमचं पत्र टेबलावरच आहे). नावं कोणाचीच छापत नाही, खूप जणींनी तसंच सांगितलंय. पत्रं जशी आली तशीच ठेवली, फक्त लांबलेली जरा कापली.

प्रश्न : मले सहावा महिना चालू आहे. आशाताईनं पीएचसीत नेलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासानं रक्त घेतलं तं शुगर १५८ निघाली. मी तं सकाळी पोहे खाऊन गेली होती, मंग टेस्ट चुकली नसंन का? सासूबाई म्हणतात आमच्या घरात कोणालेच शुगर नाही, मशीनच खराब असंन. मले काहीच त्रास नाही, ना चक्कर ना काही.
(एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : ताई, मशीन खराब नाही आणि पोहे खाल्ले म्हणून टेस्ट चुकली असंही नाही. ही टेस्ट मुद्दामच अशी ठेवलीय की बाई जेवून आली काय, उपाशी आली काय, चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तास बसायचं आणि मग रक्त द्यायचं. १४० किंवा त्याच्या वर आली की गरोदरपणातली शुगर आहे असं धरतात. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. यामागचा विचार साधा होता, की खेड्यातली बाई एसटीनं पंधरा-वीस किलोमीटर येते, तिला "उद्या उपाशी पोटी ये" म्हटलं की ती परत येतच नाही. आता केंद्र सरकारच्या नियमातच आहे की प्रत्येक गरोदर बाईची ही टेस्ट पहिल्या तपासणीला एकदा करायची, आणि तेव्हा नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत एकदा. तुमची बहुतेक ही दुसरीच असेल. एक सांगून ठेवते, ते पाणी पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, त्यामुळे उलटी झाली तर लपवू नका. खूप बाया लपवतात, परत ते गोड पाणी प्यावं लागेल म्हणून.

आता ही दुसरी टेस्ट कशाला, तर त्याचं कारण वार (प्लासेंटा, जिच्यातून पोटातल्या लेकराला पोषण मिळतं ती). वारेतून जे हार्मोन निघतात ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, म्हणजे निसर्गाचा हिशोब असा की आईच्या अंगात साखर जरा जास्त वेळ रक्तात फिरावी आणि लेकराला मिळावी. बहुतेक बायांचं शरीर मग जास्त इन्सुलिन बनवून हे सांभाळून घेतं. काहींचं घेत नाही. वार जशी वाढते तसा हा जोर वाढतो, म्हणून तिसऱ्या महिन्यात नॉर्मल असलेली शुगर सहाव्यात वर येते. यात तुमची चूक नाही, तुम्ही गोड जास्त खाल्लं म्हणून झालं असंही नाही. ज्यांच्या घरात शुगर आहे, वजन जास्त आहे, आधीचं लेकरू मोठं झालं होतं, त्यांना जास्त होते हे खरं, पण कापूस वेचणाऱ्या सडपातळ बाईलाही होते आणि घरात कोणालाच नसली तरी होते. आणि सासूबाईंना विचारा हो, "कोणालेच नाही" म्हणजे तपासून नाही की तपासलंच नाही?

राहिलं "त्रास नाही" हे. ताई, १५८ शुगरचा त्रास कोणालाच होत नाही. ना चक्कर, ना तहान. माझंच सांगते, माझ्या दुसऱ्या खेपेला २६व्या आठवड्यात माझी शुगर १५६ आली होती आणि मी, रोज दहा बायांना हेच समजावणारी, दुसऱ्या दिवशी गुपचूप दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत रक्त देऊन आले. तिथं १६१ आली. तेव्हा कुठे गप बसले.

आता करायचं काय तर पुढचे दोन आठवडे जेवण बदलायचं आणि रोज अर्धा तास चालायचं, मग जेवणानंतर दोन तासांची शुगर बघायची. १२०च्या आत आली तर असंच चालू ठेवायचं, १२० किंवा वर आली तर औषध. उपाशी पोटीची ९५च्या आत हवी. आणि फक्त लघवीची पट्टी लावून "शुगर नाही" कोणी म्हणालं तर त्यावर भरवसा ठेवू नका, पोटुशी बाईच्या लघवीत साखर कधी उगाचच दिसते तर कधी असून दिसत नाही.

प्रश्न : आमच्या सुनेला शुगर निघाली, सातवा महिना आहे. डॉक्टरनं भात बंद सांगितला. आमच्या धानाच्या पट्ट्यात भात बंद म्हणजे खायचं काय? आम्ही दोन टाइम भातच खातो. पोरगी आता सकाळी एक भाकर खाते अन् दिवसभर काहीच खात नाही, म्हणते शुगर वाढते. पाच दिवसात तोंड उतरलं. नात लिहून देते आहे.
(एक सासूबाई, ता. मोहाडी, जि. भंडारा)

उत्तर : मावशी, तुमचं पत्र वाचून आधी तर बरं वाटलं, सुनेच्या उपाशी राहण्याची काळजी करणारी सासू मला पत्रातच भेटते जास्त करून. पण ती पोरगी जे करतेय ते आजच्या आज थांबवा. शुगर आली म्हणून जेवण सोडायचं नसतं. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन नावाचे घटक रक्तात वाढतात आणि ते पोटातल्या लेकरासाठी चांगले नाहीत, शिवाय दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवली की शुगर आणखीच वर उडी मारते. खायचं तेवढंच, फक्त तोडून खायचं, तीन जेवणं आणि मधात दोन-तीन वेळा थोडं थोडं.

भात पूर्ण बंद मी तरी सांगत नाही. घरात सगळे भात खाणार अन् ही एकटी काय बघत बसणार? ताटाची रचना बदला. आधी भाजी वाढा, भरपूर, ढेमसं, वांगं, चवळाई, मेथी, अंबाडी, जे वावरात असेल ते. मग घट्ट वरण, पाणीदार नाही, आपल्याकडे वरण म्हणजे वाटीच्या तळाशी चार दाणे आणि वर पिवळं पाणी असतं ते नको. तुमच्या भागात तलावाची मासोळी मिळते, ती खाऊ द्या, अंडं खाऊ द्या. आणि शेवटी भात, एक मध्यम वाटी, शीग न लावता. भाजी-वरण आधी पोटात गेलं की मागून आलेला भात हळू हळू रक्तात उतरतो. आणि जेवून उठल्यावर लगेच आडवं नाही व्हायचं, अंगणातच दहा-पंधरा मिनिटं फिरू द्या. रोवणीला जाते, चालणं होतंच, असं म्हणाल तर रोवणीला जाणारी बाई दिवसभर वाकून राबते खरी, पण जेवणानंतरच्या त्या पंधरा मिनिटांचं काम वेगळं आहे.

आता काही गोष्टी ज्या मला रोज ऐकाव्या लागतात. ज्वारीची भाकर कितीही खा, शुगर वाढत नाही. वाढते. भाकर भातापेक्षा बरी आहे, फुकट नाही, दीड-दोन भाकरी ठीक, चार नाही. साखर नको पण गूळ चालतो. नाही चालत, रक्तात गेल्यावर तो साखरच आहे. संत्र्याचा ज्यूस ताकदीचा असतो. चार संत्र्यांची साखर एका ग्लासात पिण्यापेक्षा एक संत्रं फोडी करून खाऊ द्या. उपास चालतो कारण त्यात धान्य नाही. मावशी, उपास म्हणजे साबुदाणा आणि साबुदाणा म्हणजे सरळ स्टार्च, सातव्या महिन्यात उपास नकोच. आणि चहा! दिवसाचे पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, याचा हिशोब कोणी धरतच नाही, मी विचारलं "गोड काय खाता" तर बाई म्हणते काहीच नाही, आणि सोबतची नणंद हळूच म्हणते "चहा सोडून".

सकाळचं जरा जास्त सांभाळा. पोटुशी बाईच्या शरीरात सकाळी इन्सुलिनचा असर सगळ्यात कमी असतो, म्हणून तेच पोहे सकाळी खाल्ले तर जास्त वाढवतात, संध्याकाळी कमी. पोह्यांऐवजी मोड आलेली मटकी, चुनाचं (बेसनाचं) धिरडं, अंडं, असं काही. मधल्या वेळेला मूठभर फुटाणे नाहीतर शेंगदाणे, ताक. रात्री झोपताना अर्धा कप दूध साखर न घालता, म्हणजे रात्रभर पोट एकदम रिकामं राहत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, एकीनं शुगर आली म्हणून लोहाची गोळीच सोडली होती, का तर "गोळ्या गरम पडतात". ओटी भरण असेल तर करा खुशाल, फक्त येणारी प्रत्येक बाई एक पेढा तिच्या तोंडात कोंबणार नाही हे तुम्ही बघा, ते काम सासूच करू शकते.

प्रश्न : बायकोला आठवा महिना, दोन टाइम इन्सुलिन लिहून दिलं. गावातले म्हणतात एकदा सुई लागली की जन्मभर, आणि बाळालाही सवय लागते. घरी फ्रिज नाही, लाइट तर असून नसल्यासारखी. गोळीवर नाही भागणार का?
(ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. साखर जाते, इन्सुलिन जात नाही. म्हणून सवयबिवय काही नाही, आणि म्हणूनच गरोदरपणात हेच औषध सगळ्यात भरवशाचं मानतात. गोळीही (मेटफॉर्मिन) काही जणींना देतात, पण कोणाला गोळी आणि कोणाला सुई हे शुगर किती आहे त्यावर ठरतं, तुमच्या डॉक्टरांनी बघूनच लिहिलं असेल. आणि जन्मभराचं म्हणाल तर गरोदरपणात आलेल्या शुगरमध्ये वार पडली की तिच्या हार्मोनचा जोरही ओसरतो आणि बहुतेक बायांचं इन्सुलिन डिलिव्हरीच्या दिवशीच बंद होतं. १९२१ मध्ये टोरंटोत बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, त्याच्या आधी शुगर असलेल्या बाईला दिवस राहणंच दुर्मिळ होतं आणि राहिले तर आई नाहीतर लेकरू जायचं, कधी दोघं. त्या सुईला शिव्या देताना एवढं आठवा.

फ्रिजचं मात्र खरं आहे, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो आणि टिनाच्या खोलीत ठेवलेलं इन्सुलिन चार दिवसात कामातून जातं, दिसायला तसंच दिसतं पण असर नाही. त्यावर जुना उपाय आहे. मोठं मडकं घ्या, त्यात वाळू भरा, मधात छोटं गाडगं बसवा, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्या गाडग्यात ठेवा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत, वारा लागेल असं, चुलीपासून दूर. उघडलेली बाटली अशी साधारण चार आठवडे वापरायची, मग नवीन. ज्या दिवशी उघडली त्या दिवशीची तारीख बाटलीवर पेननं लिहा. जास्तीच्या बाटल्या गावात ज्याच्याकडे फ्रिज आहे त्याच्याकडे ठेवा, दारात, बर्फाच्या कप्प्यात नाही, एकदा गोठलं की ते फेकायचंच.

आणि हे नीट वाचा कारण यात चुका होताना मी पाहिल्यात. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर सिरिंजही ४०चीच हवी, लाल टोपणाची. १००ची सिरिंज नारंगी टोपणाची असते. मेडिकलवाला गडबडीत दुसरी देतो आणि डोस अर्ध्यापेक्षा कमी नाहीतर अडीच पट होतो. दवाखान्यातून निघतानाच सिस्टरसमोर एकदा तुम्ही स्वतः भरून दाखवा, बायकोनं नाही, तुम्ही, कारण नवव्या महिन्यात तिचा हात पोटावरून मांडीपर्यंत नीट पोचत नाही.

सुई घेतली की जेवण टाळायचं नाही. तिला घाम सुटला, हात थरथरले, एकदम भूक लागली, बडबड करायला लागली तर शुगर खाली गेलीय समजा आणि लगेच तीन चमचे ग्लुकोज नाहीतर साखर ग्लासभर पाण्यात घोळून पाजा, मग थोडं खायला द्या. शुद्धच नसेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ला फोन लावा. शुगरवाल्या घरात साखरेचा डबा लपवून ठेवतात लोक. तसं करू नका, ती जिथं झोपते तिथं उशाशी ठेवा.

प्रश्न : शुगर असली की सीझरच करतात का?
(अनेक जणी)

उत्तर : नाही. शुगर ताब्यात, बाळाचं वजन बरं, बीपी बरा, तर नॉर्मल होते. कळा आपोआप आल्या नाहीत तर ३९ आठवड्यांच्या पुढे सहसा कळा आणतात, खूप थांबत नाहीत, कारण शुगरमध्ये शेवटच्या दिवसांत पोटातच लेकरू दगावण्याची भीती थोडी जास्त असते. सोनोग्राफीत वजन चार किलोच्या वर दिसलं तर सीझरचा विचार करतात. यामागे कारण आहे. शुगरचं लेकरू सगळीकडून सारखं मोठं नसतं, चरबी खांद्यावर आणि छातीवर जास्त साचते, म्हणजे डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो, आणि ते दोन-तीन मिनिटं जे असतात ना, मला वीस वर्षं झाली पण अजून माझे हात गार पडतात. म्हणून शुगर असलेल्या बाईनं घरी किंवा उपकेंद्रात डिलिव्हरीचा हट्ट धरू नये, जिथं सीझर होतं आणि लेकरांचा डॉक्टर आहे तिथंच नाव घालून ठेवावं, सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे, जाण्यायेण्याच्या गाडीसकट. आणि आठव्या महिन्यापासून लेकराचं फिरणं कमी वाटलं तर सकाळची वाट न बघता निघायचं, रात्री दोनला सुद्धा.

प्रश्न : मी आशा आहे. माझ्या गावच्या बाईला शुगर होती, बाळ ३ किलो ९०० ग्रॅमचं झालं, छान लालबुंद, सगळे खूश. पण दोन तासात सुस्त पडलं, दूध ओढेना, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले बाळाची शुगर कमी झाली. आता गावात बाया मला विचारतात की आईची शुगर जास्त तर बाळाची कमी कशी? मला नीट सांगता येत नाही.
(जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. गावात असं सांगून बघा. समजा घरात रोज पंचवीस माणसांचा स्वयंपाक येतो आणि चार जणं तो संपवायला कामाला लावलीत. नऊ महिने हेच चालू. एक दिवस अचानक बाहेरून येणारा स्वयंपाक बंद झाला, पण ती चार जणं तशीच बसलीयत, समोर येईल ते फस्त करतायत. लेकराचं तसंच होतं. आईची जास्तीची साखर वारेतून त्याच्याकडे जात राहते, आईचं इन्सुलिन जात नाही, म्हणून लेकराचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला लागतं. त्या इन्सुलिननंच ते मोठं आणि गुबगुबीत होतं. नाळ कापली की साखर बंद, पण इन्सुलिन एकदम थांबत नाही, आणि पहिल्या एक-दोन तासांतच रक्तातली साखर खाली घसरते. हे असं होत असावं हे डेन्मार्कच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी गेल्या शतकातच मांडलं होतं आणि आजही आम्ही हेच शिकवतो.

म्हणून शुगरवाल्या आईच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तासाभरानं आणि मग दर चार तासांनी दूध पाजायच्या आधी शुगर बघतात. ४५च्या खाली गेली तर उपचार, कधी दूध पाजून भागतं, कधी सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागतं. बाया म्हणतात लेकराला टोचून टोचून हैराण केलं, तर त्यांना हे सांगा की सुस्त पडणं, थरथरणं, दूध न ओढणं ही उशिराची लक्षणं आहेत, काही लेकरं काहीच दाखवत नाहीत आणि मेंदूला साखर कमी पडत राहते.

आणि तो लालबुंद रंग! आजीबाईंना तो फार आवडतो, "गोरं होणार". तसा रंग कधी कधी रक्त जास्त दाट असल्यामुळेही असतो, आणि ते जास्तीचं रक्त फुटलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ वाढते. तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी जाताच, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या, तर तिसऱ्या आणि सातव्या भेटीला लेकरू उजेडात, दारात आणून बघा, आपल्याकडची बाळंतिणीची खोली एवढी अंधारी असते की पिवळं डोळ्याला दिसतच नाही. श्वास जोरात चालतोय का तेही बघा, शुगरच्या लेकरांची फुप्फुसं कधी वजनाच्या मानानं कच्ची राहतात, चार किलोचं असलं तरी.

पहिल्या तासात अंगावर घ्यायला लावा, तो पिवळा घट्ट चीक हेच त्याचं पहिलं औषध. मध चाटवणं नाही, गुळाचं पाणी नाही, घुटी नाही. "शुगर कमी झाली तर मध का नाही" असं एका आजोबांनी मला विचारलं होतं, तर्क बरोबर होता त्यांचा, पण मधातून लहान लेकराला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, वर्षापर्यंत मध नाहीच. आणि लेकराला उघडं ठेवून लगेच आंघोळ घालू नका, अंग गार पडलं की ते गरम ठेवायलाच त्याची साखर संपते. आईच्या छातीला लावून वरून पांघरूण, बस. आणि हो, हे लेकरू शुगर घेऊन जन्माला आलेलं नाही. पुढे मोठेपणी वजन आणि शुगरचा धोका त्याला इतरांपेक्षा जास्त, तेवढं घरच्यांच्या कानावर घाला.

प्रश्न : माझं वय २४. मला लग्नाआधीपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सासरी सांगितलेलं नाही, गोळ्या शिवणाच्या डब्यात ठेवते. आता दोन वर्षं झाली, सगळे बाळासाठी मागे लागलेत. मी सिकलसेल वाहक पण आहे. बाळ होऊ शकतं का?
(जि. चंद्रपूर)

उत्तर : होऊ शकतं, बाई. पण तुझी गोष्ट वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. त्यांची शुगर सहाव्या महिन्यात आली, तोवर लेकराचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू सगळं बनून झालेलं असतं. तुझ्यात शुगर पहिल्या दिवसापासून असणार आणि हे सगळं पाळी चुकल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बनतं, कधी कधी बाईला कळायच्या आधीच. तेव्हा शुगर जास्त असेल तर लेकराच्या हृदयात किंवा कण्यात दोष राहायचा आणि गर्भ पडायचा धोका वाढतो. म्हणून आधी शुगर खाली आणायची आणि मग दिवस जाऊ द्यायचे, तोवर साधन वापरायचं.

साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी नावाची टेस्ट असते, ती साडेसहाच्या खाली हवी असं म्हणतो आम्ही. पण तू सिकलसेल वाहक आहेस, म्हणजे रक्ताचा तो आजार तुला नाही पण आई-बापाकडून लेकराकडे जाणारा त्याचा अंश तुझ्यात आहे, आणि काही मशीनवर त्यामुळे हा आकडा चुकीचा येतो, पूर्ण सिकलसेलच्या रुग्णात तर तो भरवशाचा नसतोच. आपल्या पूर्व विदर्भात हे इतकं असूनही लॅबमध्ये कोणी विचारत नाही, तू स्वतः सांग, आणि घरी ग्लुकोमीटरवर बोटाची शुगर लिहून ठेव, ती वही जास्त कामाची. दिवस जायच्या आधीपासून फॉलिक अॅसिड सुरू कर, शुगर असलेल्या बाईला रोज ५ मिलीग्रॅमची गोळी देतात, डॉक्टरकडून लिहून घे. डोळ्याच्या पडद्याची आणि किडनीची तपासणी करून घे. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती दाखव, त्यातल्या काही दिवस राहायच्या आधीच बदलाव्या लागतात. आणि नवऱ्याचीही सिकलसेलची तपासणी कर, दोघं वाहक असाल तर लेकराला आजार व्हायची शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक.

म्हणजे नवऱ्याला सांगावं लागणार. मला माहिती आहे हे सोपं नाही. पण शिवणाच्या डब्यातून नऊ महिने इन्सुलिन नाही चालवता येत. एकदा त्याला घेऊन दवाखान्यात ये, वाटलं तर डॉक्टरलाच सांगू दे, आत्ताच कळल्यासारखं. एवढं खोटं मी तरी बोलते कधी कधी, देव माफ करेल.

प्रश्न : मला मागच्या वर्षी गरोदरपणात शुगर होती, डिलिव्हरीनंतर दवाखान्यातच तपासली तर नॉर्मल आली. आता बाळ आठ महिन्यांचं आहे. परत तपासायची गरज आहे का? अंगावरच्या दुधातून बाळाला शुगर जाते का?
(ता. दर्यापूर)

उत्तर : दुधातून नाही जात. पाजा, जितके दिवस जमेल तितके, त्यानं तुमचीही शुगर आटोक्यात राहायला मदत होते.

तपासायची गरज आहे, आणि उशीर झालाय. डिलिव्हरीनंतर दवाखान्यातली नॉर्मल म्हणजे फक्त वार गेल्याची नॉर्मल. खरी टेस्ट दीड महिन्यानं करायची असते, यावेळी उपाशी पोटी, तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तास. १४०च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे काठावर, २०० किंवा वर म्हणजे शुगर आता कायमची. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे कायमची शुगर व्हायचा धोका इतर बायांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून नॉर्मल आली तरी दरवर्षी एकदा, आणि परत दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला "मला मागच्या वेळी होती" हे सांगून.

दीड महिन्याला बाळाची लस असते, त्या दिवशी घरातलं कोणी ना कोणी लेकराला घेऊन पीएचसीत जातंच. बाळाचं कार्ड असतं, तारीख असते, आशाताई आठवण करते. आईचं कार्ड तोवर ट्रंकेत गेलेलं असतं. मी माझ्याकडच्या बायांच्या बाळाच्या लसीच्या कार्डावरच, दीड महिन्याच्या रकान्याशेजारी, लाल पेननं लिहून देते, "आईची शुगर, उपाशी या".

मला कोणी लिहून दिलं नव्हतं. माझी ती टेस्ट लेक वर्षाची झाल्यावर झाली, तीही लॅबवाल्या पोरानं "मॅडम, तुमचं राहिलं" म्हटलं म्हणून. १६८ आली. तेव्हापासून चहात साखर नाही आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी बोट टोचून घेते. तुमचं आठ महिन्यांचं आहे, नऊ महिने पूर्ण झाले की गोवराच्या लसीला जालच, त्या दिवशी सकाळी चहा न घेता जा.